नाकशेठच्या बायकोचं नाक

गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत, आणि तिची पाठ वळली की ‘नाकशेठची बायको’. नाकशेठ म्हणजे तिचा नवरा. गल्लीच्या टोकाला त्याचं पत्र्याचं दुकान होतं आणि दुकानामागं भिंतीनं वेढलेलं अंगण. गॅसच्या जुन्या, बाद झालेल्या टाक्या आणायच्या, त्यांना दार, पाय आणि धुराची नळी लावायची आणि थंडीसाठी लाकडाच्या शेगड्या करून विकायच्या, हा त्याचा धंदा. पोटात दोन ओंडके घातले की खोली उबदार होते, धूर नळीनं बाहेर जातो. गल्लीतल्या निम्म्या घरांत त्याच्याच हातची शेगडी होती.

त्याच्याच हातची, असं तो सांगायचा. खरं पाहिलं तर दुकान वहिनीच्या बापाचं, अवजारं बापाची, गिऱ्हाइकंही बापानंच जोडलेली. नाकशेठ त्या घरात जावई म्हणून आला तो एका पिशवीनिशी, आणि ती पिशवीसुद्धा म्हणे मागून आणलेली. पण म्हातारा गेला आणि जावयाला असा काही कंठ फुटला, की ऐकणाऱ्याला वाटावं, याच माणसानं लोखंडाचा शोध लावला.

म्हातारा होता पाण्याचा वेडा. टाकी मोकळ्या जागेत न्यायचा, आसपास विडीसुद्धा पेटू द्यायचा नाही. वरचा पितळी व्हॉल्व्ह उघडून उरलासुरला वायू जाऊ द्यायचा. मग लांब दांड्याचा पाना लावून तो व्हॉल्व्ह मुळासकट काढायचा आणि त्या भोकातून टाकी पाण्यानं काठोकाठ भरायचा. पाणी उतू गेलं पाहिजे, तेव्हाच त्याचं समाधान. भरून ठेवायची, ओतायची, साबणाचं पाणी घालून खळखळवायची, पुन्हा भरायची. आणि पहिला काप हातकरवतीनं, पाणी आत असतानाच. तोंड चांगलं मोठं झालं, आतलं सगळं डोळ्यांना दिसलं, की मगच कापायची ज्योत पेटवायची.

“गॅस म्हणजे चिवट पाहुणा, पोरी,” तो लेकीला सांगायचा. “दार उघडं ठेवलं म्हणून उठून जात नाही. जड असतो, तळाशी मांडी घालून बसतो. त्याच्या बुडाखाली पाणी सोडलं, की मग उठतो बेटा.”

समोरचा चहावाला तेव्हा तरुण होता, पण जीभ तेव्हापासूनच अशी. तो ओरडायचा, “काका, टाकी कापताय की न्हाऊ घालताय?”

“तुझ्या चहात असतं त्याच्यापेक्षा कमीच पाणी घालतो,” म्हातारा म्हणायचा.

भंगारवाल्याकडं जाताना तो लेकीला बरोबर न्यायचा. हिला अंगठीएवढं नाक, पण दूध नासायच्या आदल्या दिवशी सांगेल, उद्या नासणार म्हणून. शेजारणीच्या घरात भांडण झालं की ते हिला डाळ करपल्याच्या वासावरून आधी कळायचं. भंगारवाला म्हणजे एक नंबरचा लबाड. बाद टाक्यांच्या ढिगात कंपनीच्या भाड्याच्या टाक्या खुपसायचा, वर चिखल फासायचा. त्या टाक्या कंपनीच्या मालकीच्या, आणि कधीकधी अर्ध्या भरलेल्या. म्हातारा चिखल खरवडून कंपनीचा शिक्का दाखवायचा आणि लेक जवळ जाऊन नाक मुरडायची. “ही परक्याची लेकरं आहेत, आपल्याला नकोत,” असं म्हणून दोघं पुढच्या ढिगाकडं. असा तो माणूस दहाही बोटं शाबूत ठेवून म्हातारा झाला आणि अंथरुणात पडून साध्या खोकल्यानं गेला. या धंद्यात असं मरण म्हणजे राजाचं मरण.

जावयानं सासऱ्याचं पाण्याचं पिंप पहिल्याच आठवड्यात उपडं केलं आणि त्याचा बाक केला. “हे दुकान आहे, न्हाणीघर नाही,” म्हणाला. “मला पाणी लागत नाही. मला नाक आहे.”

आणि खोटं कशाला बोला, नाक होतं! व्हॉल्व्ह काढलेल्या टाकीच्या भोकाशी तो असा काही वाकायचा, जसा वैद्य आजाऱ्याच्या छातीशी. डोळे मिटायचा. गल्ली श्वास धरायची. मग हळूच डोळे उघडून म्हणायचा, “झोपलाय.” झोपलाय म्हणजे वायू नाही, कापा. नाहीतर बोट वर करून म्हणायचा, “जागा आहे!” की सगळे दोन पावलं मागं. मग ती टाकी अंगणात आडवी पडून राहायची. चहावाल्यानंच त्याला नाकशेठ हे नाव दिलं. लोक चहा हातात घेऊन तमाशा बघायला यायचे. शेगडी न घेणारेही यायचे.

वहिनी एकदा म्हणाली, “अहो, बाबा म्हणायचे, वासाचा भरवसा नाही. कधी वायू जातो आणि वास मागं राहतो, कधी नाकच थकतं.”

“तुझ्या बाबांना नाक नव्हतं म्हणून बादली होती,” तो म्हणाला. चार माणसांत म्हणाला. चार माणसं हसली.

मग एका हिवाळ्यात नाकशेठला ताप आला. चांगला अंथरुणाला खिळला. उठला तो हडकुळा होऊन, पण उठला. तो शेगडीशेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होता आणि शेगडीवर दूध उकळत होतं. वहिनी बाहेरून आली तर जिन्यातच तिला वास लागला. वर येऊन बघते तर दूध कोळसा झालेलं, घर धुरानं भरलेलं, आणि नवरा मजेत पान उलटतोय.

“अहो, करपलं की!”

“काय करपलं?”

तिनं पातेलं त्याच्या नाकाखाली धरलं. त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग पातेल्याकडं न बघता तिच्याकडं बघितलं. वहिनी पुढं शेजारणीला सांगायची, “त्या दिवशी हा माणूस मला पहिल्यांदा घाबरलेला दिसला, आणि खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं.”

बरं वाटलं ते तेवढंच. तो म्हणाला, “गल्लीत कळलं तर याद राख.”

“कशाला कळेल? पिंप सरळ करा, पाणी भरा. पाणी भरलं की तुमचं नाक नको आणि माझंही नको.”

“आणि लोकांना काय सांगू? नाकशेठचं नाक गेलं? त्यापेक्षा मी मेलो तर बरा.”

“तुम्ही मराल हो. पण मी तिथंच अंगण झाडत असते ना!”

यावर त्यानं विचार केला, आणि विचार करून जे काढलं ते ऐका. त्यानं ठरवलं, आता टाकीचं तोंड आधी हिनं फडक्यानं पुसायचं. पुसताना वाकायचं, वास घ्यायचा, आणि मग केरसुणी घेऊन त्याच्या मागं उभं राहायचं. वास नसेल तर झाडायला लागायचं. वास असेल तर खोकायचं. पुढं तो डोळे मिटून वाकणार, मागून खर्र खर्र ऐकणार आणि म्हणणार, “झोपलाय.”

असा नवा तमाशा सुरू झाला. गल्लीला काही कळलं नाही. उलट लोक म्हणाले, आजारपणानंतर शेठचं नाक आणखी तेज झालंय. चहावाल्यानं त्याला एक चहा फुकट दिला, आणि त्याच्या हातून असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आता दुसरा एखादा असता तर बायकोला निदान गोड बोलला असता. जिच्या नाकावर आपला जीव टांगलाय, तिला दुखवू नये, एवढी अक्कल बैलालाही असते. पण नाकशेठचं उलट झालं. जितकी तिची गरज वाढली, तितका तो तिला चारचौघांत सोलायला लागला. ती वाकून तोंड पुसत असली की म्हणायचा, “घास, घास. आमच्या हिला गटार आणि गुलाब यातला फरक कळत नाही, म्हणून फडकंच दिलंय हातात.” गल्ली हसायची. मग ती मागं जाऊन केरसुणी चालवायची आणि तो “झोपलाय” म्हणायचा, की टाळ्या! घरी आल्यावर ती ताट वाढायची. तो जेवताना म्हणायचा, “लोकांना संशय येऊ नये म्हणून बोलतो ग.” पण बोलताना त्याला जी चव यायची ती जेवणात येत नव्हती. नाक गेलं की जेवणाची चव जाते म्हणतात. त्यानं ती अशी भरून काढली.

ऐन थंडीत तिलाच सर्दी झाली. नाक लाल, डोळ्यांत पाणी. ती म्हणाली, “आज मला काही कळत नाहीये, आज राहू द्या.” तो म्हणाला, “गिऱ्हाईक उभं आहे.” तिनं टाकीवर नाक घासलं तरी कापूस हुंगल्यासारखं. ती खोकली, आता इशाऱ्याचा की सर्दीचा, कुणाला कळणार! तर शेठनी तो सर्दीचा धरला आणि ज्योत लावली. काही झालं नाही. ती टाकी फुटली असती तर दोघांना फावड्यानं गोळा करावं लागलं असतं. संध्याकाळी तिनं पुन्हा पाण्याचा विषय काढला. तो म्हणाला, “बघ, तुझ्या नाकाशिवायही चाललं.” आणि पांघरूण ओढून झोपला.

त्या रात्रीनंतर वहिनीनं विनवणं सोडलं.

इकडं चहावाल्याला संशय आला होता. बायकांना कळायच्या गोष्टी त्याला आधी कळायच्या, दिवसभर उभं राहून बघण्याशिवाय त्याला काम काय होतं? त्यानं एकदा चहात लसूण ठेचून घातला, शेठ प्यायला. एकदा त्याच्यासमोर रॉकेलचं फडकं झटकलं, शेठ हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला. मग त्यानं एक मेलेला उंदीर मिळवला. चांगला मुरलेला. आणि सकाळी कुणी नसताना तो दुकानातल्या बाकाखाली सरकवला.

दुपारी नाकशेठ त्याच बाकावर डबा उघडून बसला. गल्ली हळूहळू जमली. सगळ्यांच्या नाकाला रुमाल. कुणी म्हणे थंडी आहे, कुणी म्हणे धूळ आहे. शेठ पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, “आज काय, सगळ्यांनाच पडसं?” एकाला हसू आवरेना, तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंबऱ्यातच तिला वास आला. तिनं बाक बघितला, रुमाल बघितले, चहावाल्याचे चमकणारे डोळे बघितले. एक शब्द पुरला असता. “अहो, उठा, इथं काहीतरी मेलंय,” एवढं म्हटलं असतं तर माणूस वाचला असता. तिनं तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि विचारलं, “आणखी भाजी वाढू?”

“वाढ,” तो म्हणाला. “आज छान झालीय. वाससुद्धा छान सुटलाय.”

गल्लीचं हसू फुटलं. भिंतीकडं तोंड केलेला खालीच बसला. चहावाल्यानं काठीनं उंदीर बाहेर ओढला आणि शेठच्या डब्याशेजारी मांडला. “घ्या शेठ, तोंडी लावायला!”

शेठ पांढराफटक पडला. पण गडी बेरकी. घास गिळून म्हणाला, “मला सकाळीच कळलंय. म्हटलं बघू, तुमच्यातला कोण आधी लाजतो.” दोघंचौघं गोंधळले. न जाणो, असेलही!

नेमकी त्याच वेळी खाणावळवाली आली. तिनं जेवणाच्या दालनासाठी शेगड्या सांगितल्या होत्या. उभीआडवी, दणकट बाई, आवाज भांड्यांच्या गाडीसारखा. तिनं उंदीर बघितला, हसणारी गल्ली बघितली, आणि काय झालं ते चहावाल्याकडून ऐकून घेतलं.

“म्हणजे माझ्या टाक्या या नाकानं पास झाल्यात?” ती म्हणाली. “कापायच्या आहेत ना अजून? माझ्यासमोर हुंगा. माझ्यासमोर ज्योत लावा. तुम्ही वाचलात तर मी घेईन.”

“बाई, तुम्ही माझ्या नाकावर शंका घेता?”

“नाकावर नाही हो, त्याच्या मागं कुणी राहतं का ते बघते.”

आता माघार घ्यायला जागा नव्हती. टाकी अंगणात उभी केली. व्हॉल्व्ह आधीच काढलेला. शेठनी बायकोकडं न बघता हुकूम सोडला, “चल ग, तोंड पूस. सासऱ्यानं तुझ्या तेवढंच शिकवलंय, धुणं न् पुसणं.” हिच्या बापाचा सासरा कसा झाला ते कुणी विचारलं नाही. घाबरून जीभ घसरली होती.

वहिनी वाकली. टाकी घासलेल्या पातेल्यासारखी स्वच्छ होती. गंजाचा वास होता, जुन्या रंगाचा होता, बाकी काही नव्हतं. तिनं तोंड पुसलं, फडक्याची घडी केली, केरसुणी उचलली आणि त्याच्या मागं जाऊन उभी राहिली.

तो वाकला. डोळे मिटले. गल्लीनं श्वास धरला.

मागं काहीच वाजेना.

खर्र नाही, खोकला नाही. तो तसाच वाकून राहिला. चहावाला म्हणाला, “शेठ, झोप लागली का?” कुणीतरी खुदकलं. शेठच्या मानेवरून त्या थंडीत घामाचा थेंब ओघळला. तो सरळ झाला, ज्योत हातात घेतली, आणि जणू सहज म्हणून मागं वळून बघितलं. बायको केरसुणी उभी धरून उभी होती, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. चेहऱ्यावर काही लिहिलेलं नाही. त्यानं डोळ्यांनी विचारलं. तिनं डोळे खाली घेतले.

तिनं झाडलं असतं तर तो जिंकला असता, उद्या पुन्हा तेच, परवा तेच, आणि पुढच्या सर्दीत दोघं फावड्यावर. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्याचा तो ओघळणारा घाम बघायला तिला आवडत होतं, हेही तितकंच खरं. यात शहाणपण किती आणि सूड किती, ते तिनं कधी वेगळं करून बघितलं नाही.

“लावा की,” खाणावळवाली म्हणाली, आणि तीन पावलं मागं गेली. मग सगळेच गेले. अंगणात नवरा, बायको आणि टाकी.

नाकशेठनं ज्योत टाकीपासून लांब धरली. तो पुटपुटला, “पाणी आण.”

“काय म्हणालात?” वहिनीनं विचारलं.

“पाणी.”

“प्यायला?”

“टाकीत... भरायला.”

“मोठ्यानं सांगा ना, मागच्यांनाही ऐकू जाऊ द्या. मला मेलीला एकतर काही कळत नाही.”

“पाणी भर!” तो किंचाळला. “मला वास येत नाही! झालं समाधान?”

मग जे हसू उठलं ते गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. पत्रे वाजले म्हणतात. बाकीच्यांना दम लागेपर्यंत हसू दिल्यावर वहिनी म्हणाली, “आणि हो, टाकी कोरडी ठणठणीत आहे. झाडणारच होते मी, केरसुणी अडकली.” दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी. खाणावळवालीनं डोळे पुसले आणि सांगितलं, “शेगड्या घेईन. पण पाण्यातून काढलेल्याच. आणि पहिला जाळ इथं अंगणात करा, रंगाचा विषारी धूर माझ्या दालनात नको.” असं म्हणून ती गेली, आणि तिनं ही गोष्ट रोज जेवणाऱ्या प्रत्येकाला वाढली.

पिंप त्याच संध्याकाळी सरळ झालं. वहिनीला हवं होतं ते मिळालं. जीव वाचले, दोघांचेही. धंदाही वाढला, कारण पाण्यातली शेगडी म्हणजे भरवशाची, असा बोभाटा झाला.

पण पाणी काय पिंपात आपोआप चढतं? नळ गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. थंडीत तोटीला बर्फाचा दात लोंबायचा. नाकशेठ बाकाऐवजी आता खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, “तुलाच हवं होतं ना पाणी? भर.” ती बादल्या वाहायची. टाकी भरत आली की तो वाकून बघायचा. “दोन बोटं कमी आहे. काठोकाठ पाहिजे. उतू जाऊ दे.” तिच्या बोटांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त यायला लागलं. चहावाला दारातून बघायचा. तो तिला एकदाही बादली धरू लागला नाही. उलट ओरडायचा, “वहिनी, टाकीला साबण लावलात का? कानामागं घासा!” परवा नवऱ्याला हसले तेच लोक आता हिला हसत होते. गल्लीला हसायला माणूस लागतो, कुठलाही चालतो.

आणि तिचं नाकही आता कुणाला लागत नव्हतं. पाणी आल्यावर हुंगणार काय?

एक गोष्ट मात्र तिनं हातची सोडली नाही. मागं उभ्या राहणाऱ्या केरसुणीकडं कान देण्याची शेठला अशी सवय जडली होती, की टाकी काठोकाठ भरलेली डोळ्यांना दिसत असली, पाणी बाहेर वाहत असलं, तरी करवत टेकवून तो थांबायचा. एकट्याच्या जिवावर पहिला दात ओढायची त्याला छातीच व्हायची नाही. मागं न बघताच विचारायचा, “कापू?”

वहिनी बादली खाली ठेवायची. पदराला हात पुसायची, आधी एक, मग दुसरा, मग भेगांत अडकलेली माती नखानं काढायची. कधी नळाशी भेटलेल्या बाईचं काय चाललंय ते मनातल्या मनात आठवून घ्यायची. त्याची मान ताठ होताना दिसायची, करवत पत्र्यावर बारीक बारीक वाजायला लागायची.

“अग, कापू का?”

ती दुसऱ्या हाताचं कोरडं झालेलं कातडं सोलत राहायची.

“अग ए!”

मग कधीतरी, फार घाई नसल्यासारखं, ती म्हणायची, “कापा.”